खाल्लेले अंगी का लागत नाही?

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावरील भाषणासाठी डॉक्टरांना पाचारण करावे असा शिरस्ता आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड्. झालेला, मराठी आणि इतिहास शिकविणारा एक शिक्षक आहे. तरीही हा विषय माझ्याकडे आला, त्याला एका पालकांनी विचारलेला प्रश्न कारण झाला. हे गृहस्थ लालबागच्या एका चाळीत राहतात. आतड्याच्या क्षयामुळे त्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा बराच मोठा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागला. क्षय बरा झाला, पण वजन काही भरून येईना. डॉक्टरांनी सांगितले, "तुमच्या शरीरात पित्ताम्ले कमी पडतात, म्हणून तेल-तूप पचत नाही." त्यावर ते मला म्हणाले, "सर, आमटीत मीठ कमी पडले तर आपण वरून घालतो. मग पित्त कमी पडले तर तेही वरून का देत नाहीत?"

प्रश्न साधा आहे आणि रास्तही आहे. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी मी पुस्तके वाचली, जाणकार डॉक्टरांना विचारले, आणि जे समजले ते आज आपल्या भाषेत आपल्यापुढे ठेवीत आहे. मला समजलेले सार एका वाक्यात सांगायचे तर असे की, पित्त वरून देता येते, परंतु ते मुळात तयारच होत नाही, की तयार होऊन वाहून जाते, की वाटेत अडते, हे आधी ठरवावे लागते. तीन दुखणी वेगळी आणि तिन्हींचे उपाय वेगळे. त्यातल्या तिसऱ्या दुखण्यात तर एकेक दिवस मोलाचा असतो.

प्रथम 'पित्त' या शब्दाचाच घोटाळा दूर करू. आपल्या घरात आंबट ढेकर आले की 'पित्त झाले', अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठले', आणि कोणी संतापला की 'पित्त खवळले'. यांपैकी एकाही गोष्टीचा आजच्या विषयाशी संबंध नाही. आंबट ढेकर येतात ते जठरातल्या आम्लामुळे. अंगावरच्या गांधी बहुधा ॲलर्जीच्या असतात. मी ज्या पित्ताविषयी बोलणार आहे तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. तो पित्ताशयात साठतो, दाट होतो, आणि आपण जेवलो की नळीवाटे लहान आतड्यात उतरतो.

आता त्याचे काम काय? आपल्या माताभगिनींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बिर्याणीचे पातेले नुसत्या पाण्याने घासून निघत नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. राख, साबण किंवा पावडर लावली की तेलकटपणा सुटतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. पोटातही अडचण हीच आहे. आतड्यातला सगळा व्यवहार पाण्यात चालतो, आणि तूप, तेल, लोणी, दुधाची साय पाण्यात विरघळत नाही. पित्तातील पित्ताम्ले, ज्यांना पित्तक्षार असेही म्हणतात, साबणासारखे काम करतात. ती तेलाचे बारीक बारीक कण करतात. मग स्वादुपिंडातून येणारे लायपेज नावाचे पाचकद्रव्य त्या कणांवर काम करून त्यांचे मेदाम्लांत रूपांतर करते. या मेदाम्लांना पुन्हा पित्ताम्लेच आपल्या पोटात घेऊन आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचवितात. म्हणजे फोडण्याच्या कामात मदत आणि वाहून नेण्याचे काम, अशा दोन्ही जबाबदाऱ्या पित्ताम्लांकडे आहेत.

स्निग्ध पदार्थ म्हणजे चैनीचे खाणे असे कोणी समजू नये. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून किंवा साखरेतून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेल-तुपातून ९. वाढत्या मुलाला ही ऊर्जा लागते. याहून महत्त्वाचे म्हणजे अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वे तेलात विरघळणारी आहेत. पित्त अजिबात उतरत नसले तरी शरीर काही तेल कसेबसे शोषून घेते, परंतु या जीवनसत्त्वांचे तसे नाही. पित्तावाचून त्यांचे शोषण फार कमी होते. 'अ' कमी पडले की रात्री दिसत नाही. 'ड' कमी पडले की हाडे मऊ होतात. 'ई' कमी पडले की मज्जातंतू बिघडतात. 'के' कमी पडले की रक्त गोठत नाही. ताटात सर्व काही वाढलेले असून माणूस आतून उपाशी राहतो, तो असा.

पचनातला हा दोष शौचावरून ओळखू येतो. सभेत हा विषय काढण्याचा संकोच वाटणे साहजिक आहे, परंतु संकोचाने आजार लपतो, बरा होत नाही. मळ फिकट, तेलकट, फार दुर्गंधीयुक्त आणि पुष्कळ होतो, पाण्यावर तरंगतो, भांड्याला चिकटून राहतो, आणि पाणी ओतूनही लवकर जात नाही. डॉक्टरांना खात्री करायची असेल तर रोज सुमारे १०० ग्रॅम स्निग्धांश असलेला आहार देऊन तीन दिवसांचा मळ तपासतात. निरोगी माणसाच्या मळात दिवसाला ७ ग्रॅमपेक्षा कमी मेद सापडतो. त्याहून अधिक सापडला तर कुठेतरी गळती आहे हे निश्चित. मात्र ही गळती पित्तामुळेच असते असे नाही. स्वादुपिंड बिघडले, आतड्याचे अस्तर खराब झाले, तरीही मळ असाच होतो. म्हणून स्वतःच निदान करून औषधांच्या दुकानात जाणे बरोबर नाही.

आता निसर्गाची एक काटकसर सांगतो. शरीरात कोणत्याही वेळी एकूण पित्ताम्ले असतात अवघी २ ते ४ ग्रॅम, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. आणि दिवसभरच्या जेवणाला तर याच्या कितीतरी पट लागतात. हा मेळ कसा बसतो? आपल्या मुंबईत याचे उत्तर रोज डोळ्यांसमोर आहे. दादरच्या, गिरगावच्या घरातून जेवणाचा डबा निघतो, कचेरीत पोचतो, रिकामा होतो आणि संध्याकाळी घरी परत येतो. दुसऱ्या दिवशी तोच डबा पुन्हा भरला जातो. कोणी रोज नवा डबा विकत घेत नाही. पित्ताम्लेही तशीच. ती यकृतातून निघतात, लहान आतड्यात तेलाचे काम उरकतात, आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, ज्याला शेषांत्र म्हणतात, तेथे शोषली जाऊन रक्तावाटे परत यकृतात येतात. अशा फेऱ्या दिवसाला सहा ते दहा होतात. सुमारे ९५ टक्के माल प्रत्येक फेरीत परत येतो. जो थोडा हरवतो तेवढाच, म्हणजे रोज साधारण अर्धा ग्रॅम, यकृत कोलेस्टेरॉलपासून नव्याने घडविते.

ही व्यवस्था समजली की बिघाड कोठे कोठे होऊ शकतो हे आपोआप कळते. घरात डबाच तयार झाला नाही, हा पहिला प्रकार. डबा गेला पण परत आला नाही, हा दुसरा. डबा निघाला पण रस्ताच बंद, हा तिसरा. आता एकेक पाहू.

पहिला प्रकार अत्यंत दुर्मिळ आहे, परंतु वरून पित्ताम्ल देण्याचा उपाय सर्वांत चांगला लागू पडतो तो येथेच. काही बालकांच्या यकृतात कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल घडविणाऱ्या अनेक पायऱ्यांपैकी एखादी पायरीच जन्मतः नसते. मग खरे पित्ताम्ल तयार होत नाही, आणि अर्धवट तयार झालेला माल यकृतात साठून त्याला इजा करतो. कावीळ होते, वाढ खुंटते, जीवनसत्त्वे कमी पडतात. अशा बालकाला कोलिक आम्ल नावाचे पित्ताम्ल तोंडावाटे दिले की दोन गोष्टी एकदम साधतात. आतड्याला काम करणारे पित्ताम्ल मिळते, आणि यकृताला 'माल पोचला' असा निरोप जाऊन अर्धवट मालाची निर्मिती थांबते. वेळेवर निदान झाले तर जे मूल एरवी यकृत निकामी होऊन दगावले असते ते बरे राहू शकते. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २०१५ साली या आजारांसाठी कोलिक आम्लाला मान्यता दिली.

येथे एक गोष्ट आपुलकीने सांगावीशी वाटते. हा दोष आई आणि वडील या दोघांकडून आला तरच मुलाला आजार होतो. जवळच्या नात्यात लग्न झाले असेल तर तसा योग अधिक संभवतो. आपल्याकडे चुलत-मावस भावंडांत लग्ने होतात, आणि महाराष्ट्रातील अनेक हिंदू घराण्यांतही मामाची मुलगी करण्याची रीत आहे. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. एवढेच की घरात पूर्वी एखादे मूल काविळीने दगावले असेल, किंवा पती-पत्नी नात्यातले असतील, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. त्या एका माहितीने निदानाचे कित्येक आठवडे वाचू शकतात.

दुसरा प्रकार, डबा परत न येण्याचा. लालबागच्या त्या पालकांचे दुखणे हेच. आतड्याच्या क्षयाची एक खोड आहे. तो बहुधा लहान आतडे जेथे संपते आणि मोठे सुरू होते त्या सांध्यावर घर करतो. म्हणजे पित्ताम्ले आणि ब-१२ जीवनसत्त्व जेथून परत घेतली जातात, नेमकी तीच जागा. परळ-लालबागच्या गिरणगावात एका खोलीत दोन-दोन कुटुंबे आणि पाळीपाळीने झोपणारे कामगार राहिले. हवा-उजेड नसलेल्या त्या खोल्यांनी क्षयाला किती माणसे दिली, हे शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाच्या आसपास राहणाऱ्यांना सांगावयास नको. आज आतड्याचा क्षय बहुतेकांचा गोळ्यांनीच बरा होतो. तथापि आतडे आवळले गेले, फुटले, तर शस्त्रक्रिया करावी लागते. आपल्या देशातील शल्यचिकित्सकांनी या बाबतीत मोलाचे काम केलेले आहे. १९७७ साली डॉ. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाने आवळलेले आतडे कापून न टाकता तेथेच रुंद करून शिवण्याची पद्धत मांडली. वाचविलेले आतडे म्हणजे परत येणारा डबा, हे लक्षात घेतले की या पद्धतीचे महत्त्व कळते.

किती आतडे गेले यावर पुढचे सारे अवलंबून असते. १९७२ साली अमेरिकेत डॉ. हॉफमन आणि डॉ. पोली यांनी दाखवून दिले की शेषांत्राचा साधारण १०० सेंटिमीटरपेक्षा कमी भाग काढला असेल तर यकृत जादा पित्ताम्ले घडवून तूट भरून काढते. तेलाचे पचन बरे चालते, पण वाया गेलेली पित्ताम्ले मोठ्या आतड्यात शिरून जुलाब घडवितात. अशा रुग्णाला कोलेस्टिरामीनसारखी पित्ताम्लांना बांधून ठेवणारी पूड देतात आणि जुलाब थांबतात. याहून अधिक भाग गेला असेल तर यकृत कितीही राबले तरी तूट भरत नाही. तेथे तेल पचत नाही, आणि बांधून ठेवणारी पूड दिली तर उरलीसुरली पित्ताम्लेही जाऊन दुखणे वाढते. पाहा, दोघांनाही जुलाब, दोघांचीही शस्त्रक्रिया एकाच जागी, तरीही एकाचे औषध ते दुसऱ्याचे अपाय. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची चिठ्ठी घेऊन औषध आणू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मग अशा रुग्णाला पित्ताम्ले वरून का देत नाहीत? तसा प्रयत्न झालेला आहे. जनावराच्या पित्ताचा अर्क घातलेल्या पाचक गोळ्या फार वर्षांपासून निघत आल्या. परंतु अडचण अशी की नैसर्गिक पित्ताम्ले मोठ्या आतड्यात पोचली की तेथील जंतू त्यांची मोडतोड करतात आणि त्यातून जुलाब वाढतात. तेल थोडे अधिक पचले तरी पाणी आणि क्षार वाहून जातात. मोठे आतडे ज्यांचे शाबूत आहे त्यांना हा त्रास विशेष. यावर तोड म्हणून शास्त्रज्ञांनी कोलिक आम्लाला सार्कोसीन नावाचे द्रव्य जोडून कोलिलसार्कोसीन हे नवे पित्ताम्ल बनविले. जंतूंना ते सहजासहजी मोडता येत नाही. १९९९ साली अमेरिकेत व युरोपात आतडे आखूड झालेल्या मोजक्या रुग्णांवर त्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि तेलाचे शोषण वाढते असे दिसून आले. उपाय तर्काला धरून होता आणि आशादायकही. तथापि रुग्ण थोडे, अभ्यास थोडे, आणि असे औषध काढणाऱ्याला गिऱ्हाईक कमी. त्यामुळे ते दुकानात मिळणारे नेहमीचे औषध झाले नाही. पालकांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. मीठ आमटीत घातले की तेथेच राहते, पित्ताम्ल मात्र पुढे वाहत जाते आणि नको तेथे पोचल्यावर उपद्रव करते.

म्हणून प्रत्यक्षात दुसरे मार्ग अवलंबितात. पहिला मार्ग म्हणजे पित्तावाचून पचणारे तेल देणे. मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे तेल, ज्याला डॉक्टर एम.सी.टी. म्हणतात, ते पित्ताच्या मदतीवाचून शोषले जाऊन थेट यकृताकडे जाते. ते नारळाच्या तेलापासूनही काढतात. हे ऐकून आमच्या कोकणातील मंडळींना आनंद होईल, पण थोडे थांबावे. आपल्या घरच्या खोबरेल तेलात अशा मेदाम्लांचा हिस्सा साधारण सातवा असतो. तेव्हा खोबरेल म्हणजे एम.सी.टी. नव्हे. शिवाय नुसत्या एम.सी.टी.तून शरीराला आवश्यक अशी काही मेदाम्ले मिळत नाहीत, म्हणून थोडे साधे तेलही द्यावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे अधिक प्रमाणात, गरज पडल्यास इंजेक्शनाने देणे. ब-१२ तर शेषांत्र गेलेल्यांना बहुधा इंजेक्शनानेच द्यावे लागते. तिसरा मार्ग, थोडे थोडे आणि वारंवार खाणे. आतडे उरलेले असते, ते हळूहळू काम वाढविते.

पित्ताशय काढून टाकलेले पुष्कळ लोक येथे बसले असतील. त्यांच्या मनातली शंका मी आधीच फेडतो. पित्ताशय हे कोठार आहे, कारखाना नव्हे. कारखाना म्हणजे यकृत ते शाबूत आहे आणि पित्त आतड्यात येतच राहते. सामान्यतः त्यांना पित्त वरून घेण्याची गरज नसते. काहींना जुलाब लागतात, त्यांनी डॉक्टरांना दाखवावे, एवढेच.

आणखी एक शंका आपल्या समाजातच नव्हे, तर शाकाहारी कुटुंबांतही विचारली जाते. ही औषधे येतात कोठून? पित्ताम्लांची औषधे पुष्कळदा गाई-बैलांच्या पित्तापासून सुरुवात करून बनविलेली असतात. स्वादुपिंडाच्या पाचकद्रव्यांची औषधे मात्र बहुतांशी डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात. ही दोन औषधे वेगळी आहेत, दोन वेगळ्या दुखण्यांसाठी आहेत. प्रश्न पडला तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे, पर्याय आहे काय ते पाहावे, आणि जाणत्या आलिमांचाही सल्ला घ्यावा. जीव धोक्यात असता आणि दुसरा इलाज नसता शरीयतीने सवलत ठेवलेली आहे, हे आपण जाणतोच. मात्र कोणाला न विचारता मुलाचे औषध गुपचूप बंद करणे, हा मार्ग धर्माचाही नाही आणि शहाणपणाचाही नाही.

आता तिसरा आणि सर्वांत तातडीचा प्रकार, रस्ता बंद होण्याचा. पित्तनळीत खडा अडकला किंवा गाठ आली तर पित्त आतड्यात उतरत नाही. ते रक्तात मिसळते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते, आणि मळाचा रंग जातो, कारण मळाला रंग येतो तो पित्तामुळेच. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची कावीळ अशी असेल, मग पोटात दुखो वा न दुखो, त्यांना उसाच्या रसावर ठेवू नये. तडक रुग्णालयात न्यावे.

या प्रकारात पित्तक्षार वरून देण्याने एके काळी खरोखर प्राण वाचले आहेत. काविळीच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करायला पूर्वी शल्यचिकित्सक धजत नसत, कारण रक्त थांबत नसे. कोपनहेगनचे हेन्रिक डाम यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांतून रक्त गोठण्यास आवश्यक असलेले 'के' जीवनसत्त्व शोधले. त्याबद्दल पुढे त्यांना १९४३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी काविळीच्या रुग्णांना 'के' जीवनसत्त्व आणि सोबत पित्तक्षार तोंडावाटे दिले. पित्तक्षारांमुळे जीवनसत्त्व शोषले गेले आणि रक्तस्राव थांबला. पुढे 'के'चे इंजेक्शन निघाले आणि पित्तक्षारांची गरज उरली नाही. पण तेव्हाही एक गोष्ट स्पष्ट होती. वरून दिलेल्या पित्ताने वेळ मिळतो, अडलेली वाट मोकळी होत नाही. ती मोकळी करावीच लागते.

आणि ही गोष्ट सर्वांत जिव्हारी लागते ती तान्ह्या बाळाच्या बाबतीत. काही बालकांच्या यकृताबाहेरील पित्तनळ्या जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच बुजून जातात. का, याचे निश्चित कारण अजून सापडलेले नाही. आईच्या खाण्यापिण्याशी, ग्रहणाशी, नजर लागण्याशी त्याचा संबंध नाही. बाळ जन्मताना चांगले वजनदार असते, दूधही ओढते. फक्त कावीळ हटत नाही. घरात आजी-नानी म्हणतात, "बाळाला कावीळ असतेच, कोवळे ऊन दाखवा." पहिल्या आठवड्यातल्या साध्या काविळीपुरते हे ठीक आहे. परंतु दोन आठवडे उलटूनही, अपुऱ्या दिवसांचे बाळ असेल तर तीन आठवडे उलटूनही, डोळे पिवळे असतील तर रक्त तपासलेच पाहिजे. ती तपासणी करताना बिलिरुबिनचा 'डायरेक्ट' भाग किती आहे हे विचारावे.

त्याहून सोपी खूण आईच्या हातात आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी वाटलेल्या मोहरीसारखी पिवळी असते. हिरवी झाली तरी बहुधा काळजी नसते. मात्र ती फिकट, पांढुरकी, राखाडी झाली, तर ते धोक्याचे निशाण आहे. परळ-लालबागच्या माणसाला हा रंग समजावून सांगणे फार सोपे आहे. श्रावण लागण्यापूर्वी येथील कारखान्यांत मूर्तींसाठी शाडूची माती मळलेली असते. त्या शाडूच्या रंगाची शी दिसली तर एक दिवसही थांबू नये. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते. तिचे पिवळे डाग लंगोटाला पडत असतील तर तीही तीच खूण.

एवढी घाई कशासाठी? जपानमधील सेंदाई येथील डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५५ साली अशा बालकावर प्रथम एक शस्त्रक्रिया केली. बुजलेल्या नळ्या काढून आतड्याचाच एक भाग यकृताच्या मुखाशी नेऊन जोडावयाचा, म्हणजे पित्ताला नवी वाट मिळते. परंतु ही वाट चालू होण्याची शक्यता बाळ जितके लहान तितकी अधिक. साधारण ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असा डॉक्टरांचा आग्रह असतो. उशीर झाला की यकृत कठीण होत जाते आणि मग यकृतरोपणाखेरीज मार्ग उरत नाही. आपल्या देशात १९९८ साली दिल्लीत ज्या बालकावर पहिले यशस्वी यकृतरोपण झाले, त्याला हाच आजार होता. रोपणाचा खर्च, दात्याचा शोध, जन्मभराची औषधे हे सारे पाहता, दोन आठवड्यांच्या बाळाची एक रक्ततपासणी किती स्वस्त पडते याचा विचार करावा.

तैवानने यावर एक साधी युक्ती केली. २००४ सालापासून तेथे प्रत्येक आईला बाळाच्या आरोग्यपुस्तिकेबरोबर शीच्या रंगांची छापील चित्रे देतात. आईने शी त्या रंगांशी ताडून पाहायची आणि फिकट रंगाशी जुळली तर कळवायचे. त्यानंतर ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे निम्म्यावरून जवळजवळ दोन-तृतीयांशावर गेले. यासाठी नवे यंत्र लागले नाही, नवे औषध लागले नाही. रंगीत कागद आणि आईचे डोळे एवढ्याने काम झाले.

आपण तर भाग्यवान आहोत. १९२६ साली सुरू झालेले के.ई.एम. रुग्णालय आणि १९२९ सालापासून चालत आलेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय परळच्या एकाच परिसरात आहेत. गिरगाव, दादर, लालबाग कोठूनही तेथे पोचायला फार वेळ लागत नाही. कोकणातून, देशावरून लोक रात्रभर प्रवास करून मुले घेऊन येतात. आपल्याला अंतर आड येत नाही. आड येते ते 'बघू, उतरेल' असे म्हणणे, माळ घालून कावीळ उतरविणाऱ्याकडे चकरा मारणे, आणि शीविषयी चारचौघांत बोलायचा संकोच.

शाळेचे काम पुस्तके शिकविण्यापुरते नाही, असे आपण प्रत्येक मेळाव्यात म्हणतो. तर माझी तीन नम्र मागणी आहेत. माध्यमिक वर्गांत पचनसंस्थेचा धडा शिकविताना 'यकृत पित्तरस तयार करते' एवढ्यावर न थांबता, तो आतड्यात उतरला नाही तर काय होते हेही सांगावे. धडा ऐकणाऱ्या मुलीच्या घरात उद्या एखादे तान्हे बाळ येणारच आहे. दुसरे, माता-पालकांच्या सभेत फिकट शी आणि लांबलेली कावीळ यांविषयी पाच मिनिटे बोलावे. तिसरे, वर्गशिक्षकांनी वजनाच्या नोंदी मनापासून पाहाव्यात. जो मुलगा डबा चाटूनपुसून खातो आणि तरीही वाळत जातो, त्याला 'किडकिडीत' म्हणून सोडून देऊ नये. खाल्लेले अंगी का लागत नाही, हा प्रश्न त्याच्यासाठी कोणीतरी डॉक्टरांना विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याइतके जवळचे माणूस पुष्कळदा त्याचे शिक्षकच असतात.